पुलाखालची नदी

बालमित्रांनो, एक प्रश्न विचारते. मुंबई शहरात नद्या किती? सांगा पाहू!

मी हाच प्रश्न आमच्या शाळेत, चौथीच्या वर्गात विचारला होता. समुद्राचं नाव सगळ्यांनी घेतलं. एकाने तलाव सांगितले. नदी मात्र कुणालाच सापडेना. शेवटच्या बाकावरची एक मुलगी ठामपणे म्हणाली, "बाई, नदी गावाला असते. मुंबईत नाले असतात."

मुंबईत चार नद्या आहेत, बरं का! दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी. मी फळ्यावर चारही नावं लिहिली. 'मिठी' लिहिताच वर्गात खसखस पिकली. एक खोडकर मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, ही नदी मिठी मारते का?"

सगळे हसले. मीही हसले. पण लगेच गप्प झाले, कारण या नदीने आमच्या कुर्ल्याला एकदा अशी मिठी मारली होती, की ती आम्ही जन्मभर विसरणार नाही. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. पण त्याआधी माझ्याबरोबर नदीच्या काठाने एक फेरी मारू या. चला तर!

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मी आणि माझा धाकटा भाऊ मिठी नदी बघायला निघालो. भावाचं लाडाचं नाव सोन्या. आता चांगला सहा फूट उंच झालाय, नोकरी करतो, पण आमच्यासाठी सोन्याच. पाण्याची बाटली, चपाती-भाजीचा डबा आणि एक नकाशा एवढंच सामान घेतलं.

मिठी नदी मुंबईच्याच डोंगरात जन्मते. पवईच्या मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात विहार तलाव आहे. १८६० साली मुंबईला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून तो बांधला. त्यानंतर तीस वर्षांनी शेजारी पवईचा तलाव झाला. पावसाळ्यात हे तलाव काठोकाठ भरले, की वरून सांडणारं पाणी उतारावरून धावत सुटतं. तीच आपली मिठी. विहारला तलावाच्या काठापर्यंत कुणालाही सहज सोडत नाहीत, म्हणून आम्ही थोडं खालच्या अंगाला, फिल्टरपाड्यापाशी नदी गाठली. झाडं, दगड आणि त्यातून झुळझुळणारं पाणी! सोन्या म्हणाला, "ताई, हीच का ती? खोटं वाटतं."

मलाही वाटलं. कारण आम्ही लहानपणापासून बघितलेली मिठी काळी होती आणि तिच्या वासाने नाक धरावं लागे.

पुढे काठाने सलग चालायला वाटच नाही. कुठे कारखान्याची भिंत, कुठे घरांची दाटी. मग आम्ही रिक्षा करायचो, पूल आला की उतरायचो आणि कठड्यावरून वाकून बघायचो. साकीनाका, मरोळ असं करत करत नदी विमानतळाच्या भिंतीला येऊन टेकते. इथे एक नवल आहे. विमानतळ वाढवताना नदी आडवी आली, तेव्हा नदीलाच वळवलं. नदी कधी काटकोनात वळते का? तुमच्या भूगोलाच्या पुस्तकातली चित्रं काढून बघा. नागमोडी वळणं दिसतील, पट्टीने आखलेली नाही. इथे मात्र पट्टीने आखावीत तशी वळणं तिला घ्यायला लावली आहेत. एक धावपट्टी तर नदीच्या वरूनच जाते. वर विमान, खाली नदी!

विमानतळ संपला की कुर्ला. आमचं कुर्ला. बैलबाजारच्या पुढे, नदीपासून दहा मिनिटांवर आमची चाळ होती. तळमजल्यावर दहा बाय बाराची एक खोली, वर पोटमाळा. तिथल्या पुलावर आम्ही थांबलो आणि कठड्याला टेकून उभे राहिलो. आता ती गोष्ट सांगते.

तारीख होती २६ जुलै २००५, मंगळवार. मी नववीत होते. माझी शाळा सकाळची, त्यामुळे मी पाऊणपर्यंत घरी आले. सोन्या पहिलीत होता. त्याची शाळा दुपारची. आईने त्याला रेनकोट घालून, दप्तर पाठीला अडकवून साडेबाराला शाळेत सोडलं होतं. बाबा फोर्टात एका कचेरीत कामाला गेले होते.

दोनच्या सुमाराला आभाळ असं काळं झालं, की आईने दिवा लावला. मग पाऊस सुरू झाला. मुलांनो, मुंबईच्या मुलाला पावसाचं काय कौतुक? पण तो पाऊस वेगळाच होता. समोरची चाळ दिसेना. शेजारणीची हाक ऐकू येईना. तीन वाजता पाणी उंबऱ्याला लागलं. दरवर्षीसारखं येईल आणि जाईल असं समजून आम्ही खालच्या वस्तू पलंगावर ठेवल्या. अर्ध्या तासात पलंग पाण्यात गेला.

आई एकदम म्हणाली, "सोन्या!" आणि पदर खोचून बाहेर पडली. मी मागे धावले. रस्त्यावर पाणी तिच्या कमरेला आणि माझ्या छातीला लागत होतं. ओढ अशी, की पाय ठरेना. कोपऱ्यावर दोन माणसांनी आईला धरलं. एक जण ओरडला, "वहिनी, पुढे जाऊ नका! पुढे रस्ताच नाही, नुसता नाला वाहतोय!" आई ऐकेना. शेवटी त्यांनी आम्हाला अक्षरशः ओढत मागे आणलं. आई तेव्हा जशी रडली, तशी मी तिला आधी कधी बघितली नव्हती.

पोटमाळ्यावर पिठाचा डबा आणि रेशनकार्डाची पिशवी टाकून आम्ही समोरच्या इमारतीत गेलो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार सताड उघडं ठेवलं होतं. त्यांच्या दोन खोल्यांत आणि जिन्यावर मिळून आम्ही तीस-पस्तीस माणसं रात्रभर बसलो. दिवे गेले होते. फोन बंद पडले होते. काकूंनी घरातला सगळा तांदूळ शिजवला आणि आधी मुलांना वाढला. खिडकीतून खाली बघितलं तर आमच्या खोलीचं दार दिसतच नव्हतं, फक्त वरची चौकट दिसत होती. अंधारात एक गॅसचा सिलिंडर भिंतींवर आपटत वाहत गेला. त्याचा ठण् ठण् आवाज मला अजून आठवतो.

आई रात्रभर एकच वाक्य बोलत होती, "त्याला अंधाराची भीती वाटते गं."

सकाळी दहाच्या सुमारास पाणी कमरेइतकं उतरलं. गल्लीतल्या मुलांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोर बांधला होता. तो धरून आई आणि मी शाळेत पोहोचलो. शाळेचा खालचा मजला चिखलाने भरला होता. जिन्याच्या वरच्या पायरीवर सोन्याच्या बाई बसल्या होत्या. साडी ओली, डोळे लाल आणि मांडीवर हजेरीपट. आत बाकं जोडून त्यावर मुलं झोपली होती. आमचा सोन्या रेनकोट अंगावर तसाच ठेवून गाढ झोपला होता.

आईने त्याला उचलला, तेव्हा मला दिसलं की त्याच्या हातावर निळ्या बॉलपेनने त्याचं नाव आणि आमचा पत्ता लिहिला आहे. मी इतर मुलांकडे बघितलं. प्रत्येकाच्या हातावर लिहिलं होतं. वर्गातली काही मुलं दुपारी पालक येऊन घेऊन गेले होते. राहिलेल्या तेवीस जणांची बाईंनी रात्रभर दर तासाला हजेरी घेतली. मेणबत्ती संपल्यावर अंधारातच घेतली. सोन्या सांगतो, "मला झोप येत होती. पण माझा नंबर येईपर्यंत जागं राहायचं, असं बाईंनी सांगितलं होतं. मग भीती वाटायला वेळच मिळाला नाही."

आम्ही निघालो तर बाई म्हणाल्या, "थांबा, इथे सही करा. वेळही लिहा." मला रागच आला. अशा वेळी सही कसली? आज मी स्वतः शिक्षिका आहे. आता मला ती सही कळते. बाईंचं स्वतःचं लेकरू घाटकोपरला घरी होतं आणि त्याची काहीच खबर त्यांना नव्हती. ते आम्हाला नंतर समजलं.

बाबा दुपारी आले. फोर्टापासून रुळांवरून, रस्त्यांवरून, पाण्यातून चालत आले. पायाला फोड आले होते. आल्याआल्या म्हणाले, "अगं, फोर्टात तर नेहमीसारखाच पाऊस होता! गाड्या का बंद झाल्या, तेच कुणाला कळेना."

हे खरंच होतं, बरं का. त्या चोवीस तासांत दक्षिण मुंबईत, कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस झाला, आणि सांताक्रूझला झाला ९४४ मिलिमीटर! ९४४ मिलिमीटर म्हणजे किती? पट्टी घ्या आणि जमिनीपासून ९४ सेंटिमीटर मोजा. पहिलीतल्या मुलाच्या छातीच्या वर जाईल. मुंबईत वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाऊस एका दिवसात कोसळला. विहार तलावापाशी तर त्याहूनही अधिक. एकाच शहराच्या एका टोकाला नेहमीचा पाऊस आणि दुसऱ्या टोकाला प्रलय!

पण नुसत्या पावसाने एवढं झालं का? नाही. घरी एक प्रयोग करून बघा. मोरीत बादलीभर पाणी ओता. भुर्रकन जाईल. आता मोरीच्या तोंडाशी फडक्याचा बोळा ठेवा आणि पुन्हा ओता. काय झालं? पाणी तुंबलं. आता बाहेरूनही कुणी पाणी आत लोटतंय असं समजा. मुंबईचं त्या दिवशी तेच झालं. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या जुन्या गटारांची ताकद होती तासाला २५ मिलिमीटर पावसाची, तीही समुद्राला ओहोटी असेल तर. त्या दुपारी काही वेळ तासाला १०० मिलिमीटरहूनही जास्त पाऊस पडत होता. आणि नेमकी चारच्या सुमाराला समुद्राला मोठी भरती होती. म्हणजे बाहेर जाणारं पाणी दारातच अडलं.

आणि बोळा कोणता? त्यातला थोडा बोळा मी घातला होता. खोटं कशाला सांगू! रोज संध्याकाळी कचऱ्याची पिशवी टाकायचं काम माझं होतं. आम्ही मैत्रिणी पुलावर यायचो आणि पिशवी कुणाची लांब जाते, याची पैज लावायचो. बहुतेक वेळा मीच जिंकायचे. पाणी ओसरल्यावर आमच्या खोलीत घोट्याच्या वर चिखल होता. तो खरवडताना हाताला काय लागलं असेल? प्लॅस्टिकच्या पिशव्या. गाठ मारलेल्या, तशाच. मी एकही शब्द न बोलता त्या गोळा केल्या.

चार-पाच दिवसांनी वर्तमानपत्र आलं. बाबा मोठ्याने वाचत होते, 'मिठी नदीला महापूर.' आईने विचारलं, "ही मिठी नदी कुठेशी आली हो?"

बाबा चष्मा काढून म्हणाले, "अगं, आपल्या पुलाखालचा नाला."

आई कितीतरी वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पंधरा वर्षं राहते मी इथे. मला कुणी सांगितलंच नाही, की ही नदी आहे."

मुलांनो, मला वाटतं सगळी गोष्ट या वाक्यात आहे. नाला म्हटलं की माणूस कचरा टाकतो. नाला म्हटलं की काठावर भराव घालतो, भिंत बांधतो, त्याला वाटेल तसा वळवतो. आमच्या चाळीतल्या एक म्हाताऱ्या आजी सांगायच्या, की त्यांच्या लहानपणी बायका या पाण्यावर कपडे धुवायला जात आणि पोरं मासे धरत. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मधल्या काळात आम्हीच विसरलो. विसरलो म्हणून तिचं पात्र अरुंद केलं, आणि पाणी आलं तेव्हा ते आमच्या घरांतून गेलं.

त्या पुरात मुंबईत ४०० हून अधिक माणसं गेली. साकीनाक्याला दरड कोसळून घरं गाडली गेली. आमच्या शेजारच्या खोलीतले काका रिक्षा उंचावर लावून येतो म्हणून गेले होते. मला सायकल शिकवली ती त्यांनी. तीन दिवसांनी त्यांची रिक्षा सापडली. काका आलेच नाहीत.

पुलावर एवढं आठवल्यावर आम्ही दोघं थोडा वेळ काहीच बोललो नाही. मग सोन्या म्हणाला, "चल ताई, शेवटपर्यंत जाऊ."

कलिन्याच्या पुढे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या उंच इमारती लागतात. इथे पूर्वी खाजण होतं. खाजण म्हणजे भरतीचं पाणी पसरणारी, खारफुटीची दलदलीची जमीन. पुराचं पाणी ती स्पंजासारखं झेलून धरत असे. भराव घालून तिच्यावर हे संकुल उभं राहिलं आणि नदीची पसरायची जागा गेली. त्याच्या समोर, धारावीच्या बाजूला काठावर एक हिरवंगार वन दिसतं. ते महाराष्ट्र निसर्ग उद्यान. पूर्वी तिथे शहराचा कचरा टाकत. माणसांनी माती घातली, झाडं लावली आणि कचऱ्याचं जंगल केलं. मुंबईत आलात तर नक्की बघा.

आणि मग माहीमची खाडी. माहीम आणि वांद्रे या स्टेशनांच्या मध्ये लोकल ज्या पाण्यावरून जाते, तेच मिठीचं मुख. गाडीतले लोक तिथे नाकाला रुमाल लावतात. आम्ही खारफुटीत बसलेले बगळे मोजले. सतरा झाले. एवढ्या घाणीतही ते आले होते. जंगलात जन्मलेली नदी सुमारे १८ किलोमीटर चालून इथे समुद्राला मिळते. एवढीशीच तर आहे ती! सगळी एका दिवसात बघून होते.

२००५ नंतर खूप काही झालं. नदीसाठी प्राधिकरण नेमलं. माधव चितळे यांच्या समितीने पुराची कारणं शोधून अहवाल दिला. पात्र रुंद केलं, खोल केलं, भिंती बांधल्या. पण नदी अजून स्वच्छ झालेली नाही आणि धोकाही संपलेला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पाणी वाढलं, तेव्हा कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधल्या कुटुंबांना घरं सोडून हलावं लागलं.

म्हणून आमच्या वर्गात पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात एक पाठ असतो. तो पुस्तकात नाही. प्रत्येकाने आपला पत्ता आणि घरच्यांचा फोन नंबर तोंडपाठ म्हणून दाखवायचा. पाणी वाढलं की खाली नाही, वर जायचं. साचलेल्या पाण्यातून एकट्याने चालायचं नाही, खाली उघडं गटार असू शकतं. विजेच्या खांबाला हात लावायचा नाही. पूर ओसरल्यावर पाणी उकळूनच प्यायचं आणि पायाला जखम असेल तर चिखलात उतरायचं नाही. २००५ च्या पुरानंतर लेप्टोच्या तापाने कितीतरी माणसं आजारी पडली होती.

आमच्या जुन्या चाळीच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून पुसट दिसते. मी वर्गाला ती दाखवायला नेलं होतं. सगळ्यात उंच मुलगा रेघेखाली उभा राहिला आणि त्याने हात वर केला. बोटं रेघेला पोहोचली नाहीत. 'नदी मिठी मारते का' असं विचारणारा तोच. तो काही बोलला नाही. परत येताना मात्र पुलावर थांबला आणि त्याने खिशातला चॉकलेटचा कागद पुन्हा खिशात नीट सारला.

आता तुमची पाळी. तुमच्या घराजवळ एखादा पूल असेल. त्याखालून जाणाऱ्या पाण्याचं नाव काय? ते कुठून येतं, कुठे जातं? पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं? आजी-आजोबांना विचारा, वहीत लिहून ठेवा. आणि मोठी माणसं 'नाला' म्हणाली आणि ती नदी निघाली, तर त्यांना तिचं नाव सांगा. आमच्या आईला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगा.